तीन दिवसांची मुंबई: वस्तू एकीकडे, जागा दुसरीकडे

सोलापूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. नवरा, सहावीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि गुडघेदुखीनं बेजार सासूबाई असे पाच जण जानेवारीत मुंबईला येणार. शनिवारी सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दादरला उतरायचं, सोमवारी रात्री त्याच गाडीनं परत. मुक्काम दादरलाच, नातेवाइकांकडे. सोबत संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंची एकोणीस नावांची यादी आहे. एवढं सगळं बसेल का, क्रम कसा लावायचा, मुलं संग्रहालयात कंटाळतात त्याला काय करायचं आणि ‘मुंबई दर्शन’ची बस घ्यावी का, असं विचारलं आहे. मी फोर्ट, काळा घोडा आणि भायखळा भागात लोकांना पायी फिरवते, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देते.

ताई, एकोणीस ठिकाणं बसतील. दिवसभराची टॅक्सी ठरवलीत तर दोन दिवसांतसुद्धा बसतील. उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसायचं. घरी गेल्यावर फोटोतली कोणती इमारत कोणती यावरून वाद होईल, एवढंच. तुमच्या यादीत मला खटकलं ते वेगळंच. त्यातली निम्मी नावं एकमेकांशी बांधलेली आहेत आणि तो धागा यादीत कुठेच दिसत नाही.

मुंबईत वस्तू एकीकडे असते आणि तिची जागा दुसरीकडे. काळा घोडा चौकातला मूळ काळा घोडा भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो हत्तीही भायखळ्याला. सोपाऱ्यात सापडलेला अशोकाचा शिलालेख फोर्टातल्या संग्रहालयात आहे आणि नाशिकच्या एका वाड्याचं लाकूडकामही त्याच संग्रहालयाच्या मध्य दालनात. नुसती वस्तू बघितली तर ती काचेमागची एक गोष्ट, नुसती जागा बघितली तर मोकळी भिंत किंवा मोकळा चौथरा. दोन्ही बघितलं की मुलांनासुद्धा कळतं की इथं काहीतरी घडलंय. म्हणून एकेकटं ठिकाण निवडू नका, जोडी निवडा. मी तुमच्या यादीतून तेवढंच ठेवलंय.

आधी वारांचं गणित, कारण बहुतेकांचा बेत इथंच फसतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पर्यायानं कान्हेरी, तेही सोमवारी बंद. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग मात्र बुधवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आठवडाभर उघडं असतं, पण २६ जानेवारीला बंद. आणि जानेवारीचा तिसरा रविवार शक्यतो टाळा. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते, ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते आणि दुपारपर्यंत दक्षिण मुंबईचे रस्ते अडवलेले असतात. महिन्याच्या अखेरीस काळा घोडा कला महोत्सव सुरू होतो. तो बघायला छान, पण त्या गर्दीत सासूबाईंना घेऊन संग्रहालय बघणं नको. थोडक्यात, दुसरा शनिवार-रविवार सोयीचा.

शनिवार वास्तुसंग्रहालयाला द्या. तुम्ही रात्रभर गाडीत असणार, त्यामुळे आंघोळ, नाश्ता करून सावकाश निघा. दार सव्वादहाच्या सुमारास उघडतं, त्याआधी पोचून उपयोग नाही. दादरहून भुयारी मेट्रो घ्या, म्हणजे मेट्रो ३, आणि हुतात्मा चौक स्थानकात उतरा. लोकलचे जिने आणि पूल सासूबाईंना झेपणार नाहीत. मेट्रोत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. स्थानकातून संग्रहालयापर्यंत टॅक्सी करा, अंतर अगदी थोडं आहे. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला कुरकुर करेल, दुसऱ्याला विचारा.

आत शिरण्याआधी बागेत उभं राहून घुमट बघा. सोलापूरकरांसाठी हा माझा खास आग्रह, कारण तुम्ही विजापूरचा गोलघुमट बघितलेला असणार. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यानं हा घुमट गोलघुमटावरून बेतला. पुढे गेटवे ऑफ इंडियाही त्यानंच उभारला. या इमारतीचा पाया नोव्हेंबर १९०५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते घातला गेला. म्हणून ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ हे जुनं नाव. जुने मुंबईकर अजून तेच म्हणतात. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिलं महायुद्ध पेटलं होतं. तिचा लष्करी रुग्णालय म्हणून वापर झाला आणि लोकांसाठी ती उघडली थेट १९२२ मध्ये. भिंतींचा दगड मुलांना हात लावून बघू द्या. काळपट निळसर तो कुर्ल्याचा बसाल्ट, पिवळसर तो मालाडचा. मालाडचा पिवळा दगड सोमवारी फोर्टात फिरतानाही भेटत राहील.

आता मुलांच्या कंटाळ्याचं. मुलं वस्तूंना कंटाळत नाहीत, मोठ्यांनी पाट्या मोठ्यानं वाचून दाखवण्याला कंटाळतात. येताना सोलापुरातूनच स्टेशनरीच्या दुकानातून भारताचे कोरे नकाशे घेऊन या, शाळेत भूगोलाला लागतात तेच. प्रत्येक मुलाला एक नकाशा आणि एक पेन्सिल. पाटीवर वस्तूचं नाव, काळ आणि ती कुठं सापडली ते लिहिलेलं असतं. मुलांनी फक्त शेवटचं वाचायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. नाव नंतर, काळ त्याहून नंतर. तासाभरात नकाशा ठिपक्यांनी भरतो आणि त्यात एक आकार दिसू लागतो: महाराष्ट्र, गुजरात, उत्तर कर्नाटक. मग एक ठिपका नकाशाच्या सीमेबाहेर जातो. तो मीरपूरखासचा. तिथल्या बौद्ध स्तूपाची भाजलेल्या मातीची शिल्पं या संग्रहालयात आहेत आणि मीरपूरखास आज पाकिस्तानात, सिंधमध्ये. मुलगा विचारेलच, मग हे इथं कसं? तेव्हा सांगा की सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, इलाख्याची राजधानी मुंबई, आणि उत्खननात सापडलेलं चांगलं ते राजधानीच्या संग्रहालयात येई. विजापूरही त्याच इलाख्यातलं. सहावीतल्या मुलाला मुंबई इलाखा समजावायला याहून सोपा रस्ता मला सापडलेला नाही.

तळमजल्यावर शिल्पांचं दालन आहे, तिथं भरपूर वेळ द्या. घारापुरीहून आणलेलं ब्रह्मदेवाचं शिल्प इथं आहे. ते नीट बघून ठेवा, विशेषतः त्याच्या चेहऱ्यावरचा शांतपणा आणि ओठांची ठेवण, कारण दुसऱ्या दिवशी त्याच हातवळणाचे प्रचंड चेहरे तुमच्यासमोर असणार आहेत. सोपाऱ्याच्या अशोकलेखाचा तुकडाही शोधा. दिसायला साधा ओबडधोबड दगड, लोक न थांबता पुढे जातात. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये नालासोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा असा तुकडा मिळाला तेव्हा मौर्यांचा हात कोकणच्या बंदरापर्यंत पोचला होता याचा दगडी पुरावा हाती आला. आज ज्या नालासोपाऱ्याचं नाव काढलं की आपल्याला फक्त लोकलची गर्दी आठवते, ते दोन हजार वर्षांपूर्वीचं गजबजलेलं बंदर होतं. दगडावरची ब्राह्मी अक्षरं मुलीला वहीत काढू द्या. त्या वयात लिपीचं फार आकर्षण असतं.

मध्य दालनात मान वर करा. ती लाकडी कमानींची रचना नाशिकच्या एका वाड्यातली, विटेटनं ती इमारतीत सामावून घेतली. वरच्या मजल्यांवर लघुचित्रं आहेत, टाटांनी दिलेला संग्रह आहे, शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे. मुलगा चिलखतापाशी थांबणारच, थांबू द्या. युरोपीय चित्रं या खेपेला सोडली तरी चालतील. नाना फडणवीसांच्या संग्रहातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही वस्तू सर पुरुषोत्तम मावजींच्या संग्रहातून इथं आल्या, त्या मात्र विचारून बघा. ऑडिओ गाइड मराठीत मिळतो. सासूबाईंना तो द्या, हेडफोन लावून बाकावर बसू द्या. त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीबद्दल तिकीट खिडकीवरच विचारा, आत गेल्यावर नको. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत.

दोन तासांनंतर कितीही उरलं असेल तरी बाहेर या. माणसाचे डोळे तेवढा वेळच बघतात, पुढे पाय नुसते चालत राहतात. आवारातच मुलांसाठीचं वेगळं संग्रहालय २०१९ पासून आहे. जेवणानंतर पोरं तिथं रमतील आणि मोठ्यांना झाडाखाली बसता येईल.

निघताना रस्ता ओलांडून काळा घोडा चौकात जा. तिथं काळ्या घोड्याचा पुतळा आहे, पण त्याच्यावर स्वार नाही. हा २०१७ मध्ये बसवलेला. मूळ पुतळा होता सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना १८७५-७६ मध्ये मुंबईला येऊन गेला त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये दिलेला. १९६५ मध्ये तो इथून हलवला. घोडा गेला, स्वार गेला, नाव राहिलं, आणि अर्ध्या शतकानंतर नावाला शोभावा म्हणून बिनस्वाराचा घोडा आला. मुलांना एवढंच सांगा की खरा घोडा सोमवारी भेटणार आहे.

रविवार घारापुरीचा. गेटवेहून पहिल्या बोटींपैकी एक पकडा, नऊच्या आसपास. अकरानंतर बेटावर जत्रा असते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तो साधारण दिवसाच्या मधल्या तासांत, म्हणून सकाळी लवकर निघा आणि परतीला चारनंतरचा हिशेब ठेवा. त्या दिवशी रस्ते मोकळे असल्यानं थेट टॅक्सीही परवडते. बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा, आणि ते दिलं नाही तर मागून घ्यायचं. तासाभराचा प्रवास आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी पोटात थोडं तरी असू द्यावं.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी जाते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. सासूबाईंसाठी डोली मिळते. भाव चढण्याआधी आणि जाऊन-येऊन असा ठरवा. हातात खाऊची पिशवी ठेवू नका, माकडं अगदी सराईत आहेत. पायऱ्या चढून आल्यावर लगेच लेण्यात धावू नका. पाणी प्या, श्वास खाली बसू द्या.

पहिलं लेणं हेच मुख्य. बाकीच्या लेण्यांपर्यंत नुसतं चालून आलात तरी पुरे. आत गेल्यावर पाच मिनिटं काहीही न बघता उभं राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. लेण्याला एकाहून अधिक बाजूंनी उजेड येतो आणि शिल्पांवर तो तिरपा पडतो. मोबाइलचा फ्लॅश मारला की ती खोली सपाट होऊन जाते.

समोर दक्षिणेच्या भिंतीवर सुमारे २० फुटी तीन मुखं आहेत. बहुतेक गाइड त्याला त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश असं सांगतील. तसं नाही. हा एकटा शिव आहे, सदाशिव. मधलं मुख ध्यानस्थ, तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताचं मिशीवालं, भुवया चढवलेलं, ते अघोर. उजव्या हाताचं कोमल, हातात कमळ धरलेलं, ते वामदेव किंवा उमा. मग या शिल्पाच्या दोन्ही बाजूंना बघा: डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. अर्धनारीश्वराच्या शरीराचा तोल बघण्यासारखा आहे, नंदीवर टेकलेला हात आणि त्यामुळे एका बाजूला झुकलेली कंबर. सासूबाईंना शिव-पार्वतीचं लग्न दाखवा, कल्याणसुंदर. लाजून खाली बघणारी पार्वती त्या लगेच ओळखतील आणि मुलांना गोष्ट त्याच सांगतील. अशा वेळी गाइडला गप्प बसवावं. रावण कैलास हलवतोय तो फलक आहे, अंधकासुराच्या वधाचा आहे. प्रत्येक फलकापाशी ‘पुढच्या क्षणी काय होईल?’ एवढं विचारा, पोरं सांगत सुटतील.

मूर्तींचे पाय आणि हात तुटलेले दिसतील. सोळाव्या शतकात हे बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं, त्यानंतर बरीच मोडतोड झाली. त्यांनी इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो पुढे हरवला, असं त्यांच्याच बखरकारानं लिहून ठेवलं आहे. त्यामुळे हे लेणं नेमकं कोणी कोरवून घेतलं याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवट यावर बऱ्याच जणांचा भर आहे. जागा आहे, शिल्पं आहेत, आणि सगळं सांगू शकला असता तो एक दगड मात्र गेला. शनिवारच्या सोपाऱ्याच्या तुकड्यापाशी लोक का थांबत नाहीत असा मला राग येतो तो यामुळेच. मोडक्या ओळींचा एक दगड जरी राहिला, तरी केवढं कळतं!

परत येताना गेटवे बघून होईलच. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथं उतरला त्याचं हे स्मारक, पूर्ण झालं १९२४ मध्ये, आणि इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी फेब्रुवारी १९४८ मध्ये याच दारातून बाहेर पडली. समोर छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ पासून आहे. फोटोवाले मागे लागतील, हवा तर एक काढा.

सोमवारी सकाळी फोर्ट, दुपारी भायखळा. सासूबाईंना सकाळी घरीच राहू द्या. तुम्ही चौघं सातच्या आत दादरहून मध्य रेल्वेची लोकल पकडा. साडेआठ-नऊची गर्दी मुलांना घेऊन नको. साडेसातला सीएसएमटीच्या समोरच्या पदपथावर उभं राहिलात की इमारतीवर कोवळं ऊन असतं आणि बघायला मोकळीक.

फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत, काम १८७८ ते १८८८. फाटकाच्या एका खांबावर सिंह, तो इंग्लंडचा. दुसऱ्यावर वाघ, तो आपला. घुमटावर हातात मशाल धरलेली प्रगतीची पुतळी. कोरीवकामाचा मोठा भाग इथल्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केला, म्हणून माकडं, मोर, पानं-फुलं सगळी इथलीच आहेत. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे दगडी चेहरे आहेत, त्यांत नाना शंकरशेट शोधा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्यामागे असलेल्या माणसांपैकी ते एक. घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा दिसेल. तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. मुलांना आता हा खेळ कळलेला असेल: जागा दिसली की ‘मग वस्तू कुठं?’

नाश्ता समोरच करा. ‘आराम’चा वडापाव किंवा गल्लीतल्या ‘पंचम’ची पुरीभाजी, दोन्ही जुनी ठिकाणं. मग दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौकापर्यंत चालत या. दोन्हीकडे इमारतींच्या पोटातून गेलेला कमानींचा पदपथ आहे, ऊन लागत नाही. ‘फोर्ट’ म्हणतो तो किल्ला मात्र शोधू नका. तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरच या सगळ्या इमारती उठल्या. पैसा कापसाचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्याला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मोठमोठे सावकार बुडाले. त्यातले एक प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांवर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, नाव त्यांच्या आईचं. उंची सुमारे २८० फूट, वर जाता येत नाही. मिलच्या गावातून येणाऱ्यांना कापसाची ही गोष्ट परकी वाटायची नाही.

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन १८६४ पासून आहे. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. तुम्ही शिक्षिका आहात, मी जास्त सांगत नाही.

तिथून वेळ असेल तर पूर्वेला एशियाटिक सोसायटी या जुन्या विद्वत्संस्थेच्या पांढऱ्या खांबांच्या टाउन हॉलकडे वळा. १८३३ ची इमारत, बाहेरून बघितली तरी पुरे. सोपाऱ्याच्या स्तूपातला अस्थिकरंडक याच संस्थेकडे आहे. वेळ नसेल तर थेट ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेला बघा: उच्च न्यायालय, विद्यापीठ, जुनं सचिवालय, टोकदार गॉथिक, सगळं १८७० च्या दशकातलं. पश्चिमेला बघा: गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, १९३० च्या दशकापासूनच्या. या ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. मुलांना एक कोडं घाला: या गॉथिक इमारतींनी शहराकडे पाठ का केली आहे? त्या बांधल्या तेव्हा पश्चिमेच्या घरांच्या जागी पाणी होतं. इमारती समुद्राकडे तोंड करून होत्या, पुढे भराव पडला आणि समुद्रच दूर गेला.

साडेदहाला परत सीएसएमटी, आणि दादरच्या दिशेची लोकल. गर्दी उलट्या दिशेची असते, बसायला मिळेल. भायखळ्याला पूर्वेला उतरा, सासूबाईंना टॅक्सीनं तिथंच बोलवा.

भाऊ दाजी लाड संग्रहालय हे माझं सगळ्यात आवडतं, हे आधीच सांगते. १८७२ मध्ये उघडलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. आत हिरव्या-सोनेरी ओतीव लोखंडी खांबांची ओळ आणि रंगवलेलं छत आहे. २००८ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा खुलं झालं, पण इमारत जुनी, दुरुस्त्या अधूनमधून निघतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. १९७५ मध्ये ज्यांचं नाव दिलं ते डॉ. भाऊ दाजी कोण, हे सासूबाईंना सांगा: ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, गरिबांना मोफत औषध देणारे, महारोगावर उपाय शोधणारे, आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचणारे. इथं भव्य काही शोधू नका. मातीच्या वीत-दीड वीत बाहुल्या आहेत: मुंबईतल्या नाना जातीधर्मांची, धंद्यांची माणसं. जहाजांच्या, घरांच्या प्रतिकृती आहेत. वरच्या मजल्यावर शहराचे जुने नकाशे आहेत, सात बेटं कशी जोडली गेली ते बोटानं दाखवता येतं. मुलगी इथून हलणार नाही.

मग बाहेर. संग्रहालयाशेजारीच घारापुरीचा हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना यारी, म्हणजे क्रेन, तुटली आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथल्या बागेत येऊन पडले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. मुलांना मोजू द्या. राणीच्या बागेत स्वारासकट मूळ काळा घोडा आहे. आणि संग्रहालयाच्या मागच्या बाजूला जुने पुतळे ठेवले आहेत, त्यांत संगमरवरी व्हिक्टोरिया राणी आहे, नाक तुटलेली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा पूर्वी फोर्टाच्या मोक्याच्या जागी होता. १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडण्याआधी चापेकर बंधूंनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं, तो हाच. इथं पाटी वाचून काही हाती लागत नाही, ही गोष्ट आपणच सांगायची असते.

आता तुमच्या यादीतून काय गेलं. कान्हेरी गेली, आणि ती काढताना मला फार जिवावर आलं. शंभराहून अधिक लेणी, डोंगरभर खोदलेली पाण्याची टाकी, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचे दानलेख, आणि अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशांनी भिंतीवर कोरलेली पहलवी लिपीतली आपली नावं. पण तिला पूर्ण दिवस लागतो, चढ आहे, आणि तुमच्याकडे सोमवार उरतो तेव्हा ती बंद. पुढच्या खेपेला तिच्यासाठीच या. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मुलांना आवडेल, पण तो वेगळा विषय. सिद्धिविनायक आणि हाजी अली ही दर्शनं आहेत, ती नातेवाइकांबरोबर संध्याकाळी करा. गावदेवीचं मणिभवन, जिथं १९१७ ते १९३४ दरम्यान गांधीजी मुंबईत आले की उतरत, ते अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. शनिवारी संध्याकाळी बळ उरलं तर आधी वेळ विचारून जा. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह तुमच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं हे घर यादीत नव्हतं, मी घातलं. तळमजल्यावरच्या वस्तू बघता येतात. घर राहतं आहे, आवाज कमी ठेवा.

राहिली ‘मुंबई दर्शन’ची बस. खासगी बसवाले दिवसभरात पंधरा-वीस ठिकाणं मोजून दाखवतात, त्यातली निम्मी खिडकीतून, आणि संग्रहालयाला तासही देत नाहीत. दिवसा घेऊ नका. सासूबाईंना समुद्र आणि दिवे बघायचे असतील तर रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला टॅक्सीनं एक फेरी मारा, तेवढ्यात भागतं. आणि सोमवारी दुपारी भायखळ्याहून घरी आल्यावर सगळ्यांनी तासभर झोपा. गाडी रात्री उशिराची आहे.